विज्ञान दिनाचे पोस्टर आणि त्यातला लोलक

गेल्या फेब्रुवारीत एका शालेय पोस्टर स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हाला बोलावणे आले. विषय दरवर्षीचाच होता: २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त शाळेत होणाऱ्या कार्यक्रमाचे पोस्टर. सभागृहात दोऱ्या बांधून त्यांना चिमट्यांनी पोस्टरे लावली होती. काही हाताने रंगवलेली होती, तर बरीचशी संगणकावरच्या चित्र तयार करणाऱ्या साधनांकडून काढून घेऊन छापलेली होती. आम्ही तासाभरात निकाल दिला, चहा घेतला आणि निघालो. रात्री मोबाइलवर काढलेले फोटो पुन्हा पाहताना लक्षात आले की पहिले बक्षीस चुकीच्या पोस्टराला गेले आहे. चूक मुलांची नव्हती, आमची होती. ती कशी झाली हे सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण असे परीक्षण आता प्रत्येक शाळेत कोणाला ना कोणाला करावे लागणार आहे.

बक्षीसपात्र पोस्टरात काय होते ते आधी सांगतो. गडद निळी पार्श्वभूमी, मध्यभागी फेटा बांधलेले एक तेजस्वी गृहस्थ, त्यांच्या हातात काचेचा लोलक आणि लोलकातून निघालेला सात रंगांचा झगझगीत पट्टा. मागे आकाशगंगा, एका कोपऱ्यात अणू, दुसऱ्या कोपऱ्यात डीएनएचा पिळा. रंगसंगती अप्रतिम. पाहताक्षणी आम्ही तिघेही परीक्षक त्याच्यापुढे थांबलो.

जे पोस्टर आम्ही मागे टाकले ते आठवीतील एका मुलीने स्केचपेनने काढलेले होते. एक बाटली, तिच्यात द्रव. डावीकडून येणारा निळा जाड बाण. बाटलीतून खालच्या बाजूला निघालेले काही निळे बाण आणि त्यांच्यात एकच हिरवा बाण. खाली तिने लिहिले होते, ‘हिरवा बाण फार जाड झाला आहे. खरा याहून पुष्कळ बारीक असतो.’ त्याखाली कार्यक्रमाची तारीख, वेळ, खोली आणि ‘पालकांनी जरूर यावे’ ही ओळ. अक्षर साधे, कागद थोडा चुरगळलेला. आम्ही त्यावर ‘प्रयत्न चांगला’ असा शेरा मारून पुढे गेलो.

लोलक तेथे का आला?

राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ सालापासून पाळला जातो, तो चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ. कोलकात्याच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत काम करत असताना रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांना २८ फेब्रुवारी १९२८ रोजी या परिणामाची खात्री पटली. १९३० साली रामन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. हे सर्व आपण दरवर्षी भाषणात सांगतोच. पण शोध नेमका काय होता, हे पोस्टरात दिसले पाहिजे.

एखाद्या द्रवातून प्रकाश जाऊ दिला की त्याचा थोडा भाग बाजूंना विखुरतो. या विखुरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी बहुतांशी मूळ प्रकाशाइतकीच असते. रामन यांनी दाखवून दिले की त्यात अतिशय क्षीण असा एक भाग वेगळ्या तरंगलांबीचाही असतो. पाऱ्याच्या दिव्यातील ४३५.८ नॅनोमीटरची निळी रेषा बेंझिनवर टाकली, तर बाजूला येणाऱ्या प्रकाशात ती रेषा दिसतेच, शिवाय सुमारे ४५५ नॅनोमीटरपाशी एक आणि सुमारे ५०३ नॅनोमीटरपाशी एक, अशा फिक्या नव्या रेषाही दिसतात. यांपैकी दुसरी हिरवटपणाकडे झुकते. प्रकाशकण आपली थोडी ऊर्जा रेणूला देतो, रेणू कंप पावू लागतो आणि प्रकाशकण उरलेली ऊर्जा घेऊन बाहेर पडतो. ऊर्जा कमी झाली म्हणजे तरंगलांबी वाढली. किती वाढली हे रेणूच्या रचनेवर अवलंबून असते, म्हणून या फिक्या रेषांवरून रेणू ओळखता येतो.

आता लोलकाकडे पाहू. न्यूटनने १६७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष असा होता की पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग आधीपासूनच असतात, लोलक ते फक्त वेगळे करतो. रामन यांचा निष्कर्ष असा की आत सोडलेल्या प्रकाशात जो रंग नव्हता, तो बाहेर आला. म्हणजे बक्षीसपात्र पोस्टराने रामन यांच्या हातात त्यांच्या शोधाच्या नेमके उलट गोष्ट सांगणारे उपकरण दिले होते. शिवाय तो लोलकही बरोबर नव्हता. लोलकात जांभळा रंग सर्वांत जास्त वळतो आणि तांबडा सर्वांत कमी. चित्रात हा क्रम उलटा होता आणि रंगीत पट्टा लोलकात शिरण्यापूर्वीच रंगीत होता! असा लोलक ठेवण्याचे कारणच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना फोन केला. त्यांनी मोकळेपणाने सांगितले, “मुलांनी सूचना फार विचार करून लिहिली होती हो. विज्ञान दिन, सर रामन, प्रकाश, सात रंग, भव्य, असे सगळे शब्द घातले होते.” या उत्तरात सर्व काही आले. मुलांनी विखुरणे मागितलेच नव्हते, मग ते येणार कोठून?

धुऊन गेलेली रांगोळी

हे यंत्र चित्र कसे काढते ते थोडक्यात पाहू या. मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन यांसारखी साधने २०२२ साली सर्वांसाठी खुली झाली. अशा साधनांना शिकवण्याची पद्धत एका उदाहरणाने समजेल. अंगणात एक सुरेख रांगोळी आहे असे समजा. वाऱ्याने ती हळूहळू विस्कटते आणि शेवटी नुसती रंगीत पूड पसरलेली राहते. एखाद्या मुलाला अशा कोट्यवधी रांगोळ्या विस्कटताना टप्प्याटप्प्याने दाखवल्या आणि प्रत्येक वेळी विचारले, ‘याच्या आधीच्या क्षणी ही कशी होती?’ तर पुरेशा सरावाने ते मूल उलट्या दिशेने जायला शिकेल. मग त्याला नुसती पसरलेली पूड दिली आणि ‘मोर’ हा शब्द सांगितला, की ते एकेक टप्पा मागे जात मोराची रांगोळी उभी करील. ती पूर्वी कोणीच काढलेली नसेल, पण पाहिलेल्या सर्व मोरांसारखी असेल.

यंत्र हेच करते. निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळातून सुरुवात करून प्रत्येक टप्प्याला थोडा गोंधळ काढून टाकते आणि आपण दिलेले शब्द त्याला दिशा देतात. शब्द आणि चित्रे यांची सांगड त्याने इंटरनेटवरील मथळ्यांसह असलेल्या चित्रांतून घातलेली असते. २०२२ साली खुल्या झालेल्या ‘लायन-५बी’ या संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. काही नवी साधने गोंधळातून मागे न येता चित्राचे तुकडे क्रमाने रचत जातात. आपल्या मुद्द्यापुरता त्याने फरक पडत नाही. दोन्हींत यंत्राला अनुभव असतो तो चित्रांचा, चित्रातल्या वस्तूंचा नव्हे. लोलक त्याने लाखो वेळा पाहिला असेल, पण त्यातून प्रकाश सोडून पाहिलेला नाही.

याची साक्ष देणारी एक गंमत आहे. घड्याळांच्या जाहिरातींत काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांवर असतात. त्यामुळे या साधनांना सहा वाजून पंचवीस मिनिटे दाखवणारे घड्याळ काढायला सांगितले, तरी ती वारंवार दहा वाजून दहा मिनिटेच दाखवत असत. अलीकडे यात सुधारणा झाली आहे. पण आमच्या पोस्टरातला लोलक हा असाच दहा वाजून दहा मिनिटांचा काटा होता. ‘प्रकाश’ आणि ‘विज्ञान’ हे शब्द एकत्र आले की जगातल्या बहुसंख्य चित्रांत लोलक असतो. रामन परिणामाची चित्रे त्या मानाने थोडी, आणि तीही बहुतेक आलेखांची. यंत्राने बहुमताला कौल दिला. विज्ञान दिन मात्र बहुमत बाजूला सारून द्रवाकडे नीट पाहणाऱ्या माणसाच्या स्मरणार्थ आहे.

यावर कोणी म्हणेल की सूचना अधिक नेमकी लिहावी. द्रव, काटकोनात विखुरणारा प्रकाश, मूळ निळ्या बाणांत एक अतिक्षीण हिरवा बाण, असे सगळे सांगावे. हे खरे आहे. परंतु एवढे नेमके लिहिता येणे म्हणजेच विषय समजणे. आणि ज्याला एवढे समजले तो हे चित्र पाच रेषांत स्वतः काढू शकतो. त्या मुलीने तेच केले होते.

‘विज्ञान’ हा शब्द

बक्षीसपात्र पोस्टरातील अक्षरांविषयीही सांगितले पाहिजे. पाच फुटांवरून वर ‘विज्ञान’ लिहिल्यासारखे वाटत होते. जवळून पाहिले तर शिरोरेषेखाली लोंबणाऱ्या, कोणत्याच अक्षराशी न जुळणाऱ्या आकृत्या होत्या. कार्यक्रमाची वेळ कोठेच नव्हती.

संगणकात ‘विज्ञान’ हा शब्द सात संकेतांनी साठवला जातो: व, ऱ्हस्व इकार, ज, हलन्त, ञ, काना आणि न. इकार साठवला जातो व नंतर, पण दिसतो व च्या आधी. ज, हलन्त आणि ञ मिळून ‘ज्ञ’ हे एकच रूप होते. ही जुळणी फाँटमधले नियम करतात, म्हणून टंकलेखन करताना शब्द बरोबर उमटतो. चित्र काढणारे यंत्र फाँट वापरत नाही, ते अक्षराचा आकार रंगवते. रोमन लिपीचे नमुने त्याने भरपूर पाहिले आहेत, देवनागरीचे त्या मानाने कमी, जोडाक्षरांचे आणखी कमी.

नव्या साधनांत देवनागरी पूर्वीपेक्षा बरी उमटते आणि हळूहळू ती निर्दोष होईलही. यात आनंद मानण्यापूर्वी थोडा विचार करावा. आज बिघडलेले अक्षर हा निदान एक इशारा असतो, ‘हे तपासलेले नाही’ असे ते सांगते. अक्षरे सुधारली की हा इशारा जाईल आणि उलटा लोलक सुवाच्य मथळ्याखाली राहील.

फसणारे आम्ही एकटेच नाही

२०२४ च्या फेब्रुवारीत पेशीजीवशास्त्रातील एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात, परीक्षण होऊन, एक लेख प्रसिद्ध झाला. त्यातील उंदराची आकृती मिडजर्नीने काढलेली होती. अवयव अशक्य आकाराचे, आणि शेजारची नावे कोणत्याच भाषेत नसलेली. वाचकांनी आरडाओरडा केल्यावर काही दिवसांतच तो लेख मागे घेण्यात आला.

त्याच महिन्यात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात चॉकलेटच्या एका प्रसिद्ध बालकथेवर बेतलेला कार्यक्रम झाला. जाहिरातीतील चित्रे यंत्राने काढलेली होती: मिठाईची अरण्ये, रंगीबेरंगी स्वप्ननगरी, आणि त्यावर निरर्थक शब्द. २४ फेब्रुवारीला ३५ पौंडांपर्यंतची तिकिटे काढून पालक मुलांना घेऊन गेले, तर समोर जवळजवळ रिकामे गोदाम आणि तुरळक सजावट. पोलिसांना यावे लागले आणि कार्यक्रम त्याच दिवशी बंद पडला.

आम्हाला या घटनेतून पोस्टराचा मूळ धर्म आठवतो. पोस्टर हे वचन असते. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी या, तेथे हे असेल, असे ते सांगते. ग्लासगोच्या चित्रकाराला ‘ही अरण्ये कोठे आहेत?’ असे विचारायची सोय नव्हती, कारण चित्रकारच नव्हता. विज्ञानाच्या पोस्टरात वचन दुहेरी असते. कार्यक्रम असा असेल, आणि निसर्ग असा आहे. यातले दुसरे वचन मोडले तर पोलीस येत नाहीत. ते पोस्टर वर्षभर प्रयोगशाळेबाहेर लटकते, आणि रोज तेथून जाणाऱ्या मुलाच्या मनात रामन परिणाम म्हणजे इंद्रधनुष्य ही समजूत पक्की होते. पुढे ती पुसणे किती कठीण जाते, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

हाताची चित्रेही चुकतात

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. यंत्रे येण्यापूर्वी आपली पोस्टरे शुद्ध होती असे मुळीच नाही. डीएनएच्या पिळ्याचेच पहा. त्याचे सर्वसामान्य रूप उजव्या पिळाचे असते. पिळा उभा धरला तर समोरची पट्टी डावीकडून उजवीकडे वर चढली पाहिजे. घरातल्या साध्या स्क्रूचे आटेही असेच असतात, तेव्हा स्क्रू शेजारी धरून कोणालाही तपासता येते. पण डाव्या पिळाचे डीएनए माणसांनीच पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि संस्थांच्या बोधचिन्हांवर वर्षानुवर्षे काढले आहेत. सूर्यमालेसारख्या अणूचेही तेच. यंत्र हे सर्व आपल्याकडूनच शिकले.

मग फरक कोणता? आम्हाला एकच दिसतो. हाताने काढलेल्या चित्रातल्या प्रत्येक रेषेवर बोट ठेवून ‘ही का काढलीस?’ असे विचारता येते आणि उत्तर देणारे कोणीतरी समोर असते. उत्तर चुकीचे असले तरी तेथून शिकवणे सुरू होते. आठवीतल्या त्या मुलीला आम्ही नंतर भेटलो आणि हिरव्या बाणाविषयी विचारले. ती म्हणाली, “आमच्या सरांनी सांगितलं, कोटीत एखादाच. मग कितीही बारीक पेन घेतलं तरी जाडच होणार ना?” तिचे सर बरोबर सांगत होते. साधारणपणे आत येणाऱ्या कोटीभर प्रकाशकणांत एखाद्याच्या वाट्याला हा बदल येतो. येणारा बाण एक सेंटिमीटर जाड काढला, तर प्रमाणात हिरवा बाण एक नॅनोमीटर जाड काढावा लागेल, म्हणजे डीएनएच्या पिळ्याच्या निम्म्या जाडीचा. आपल्या चित्राची मर्यादा चित्रातच लिहून ठेवणारी ती एकटीच स्पर्धक होती. वैज्ञानिक शोधनिबंधातही आम्ही याहून वेगळे काही करत नाही.

मग ही साधने वापरायचीच नाहीत?

असे आमचे म्हणणे नाही. ज्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक नाहीत, एकाच शिक्षकाला चार वर्ग सांभाळायचे आहेत, तेथे किनार, पार्श्वभूमी, रंगसंगती, मांडणीचे नमुने यांसाठी या साधनांची मदत जरूर घ्यावी. सजावटीने कोणतेही विधान केलेले नसते, त्यामुळे तेथे धोका कमी. जेथे चित्र काही सांगू लागते, तेथून पुढे मात्र हात आपला असावा. आकृती मुलांनी काढावी. अक्षरे टंकलिखित करून चित्रावर बसवावीत. शास्त्रज्ञाचा चेहरा यंत्राकडून न काढता त्यांचे खरे छायाचित्र वापरावे. आमच्या पोस्टरातले गृहस्थ रामन यांच्यासारखे होते, रामन नव्हते.

या साधनांचा सर्वांत चांगला उपयोग वर्गात होऊ शकतो असे आम्हाला वाटते. यंत्राकडून इंद्रधनुष्य, चंद्राच्या कला, डीएनए, लोलक अशी चार चित्रे काढून घ्यावीत आणि मुलांच्या हाती लाल पेन्सिल द्यावी. मुख्य इंद्रधनुष्यात तांबडा रंग बाहेरच्या कडेला आहे का? चंद्रकोरीच्या दोन टोकांमध्ये, म्हणजे चंद्राच्या अंधाऱ्या भागावर, तारा काढला आहे का? पिळा स्क्रूसारखा चढतो का? प्रत्येक चुकीसाठी मुलाने कारण सांगावे आणि जेथे चित्र बरोबर असेल तेथेही ते बरोबर का हे सांगावे. हा तास फळा आणि खडूच्या तासाइतकाच मोलाचा होईल.

परीक्षकांसाठी आम्ही आता एकच नियम केला आहे. पोस्टराजवळ ते करणाऱ्या मुलांना उभे करावे, चित्रातल्या कोणत्याही तीन ठिकाणी बोट ठेवावे आणि विचारावे, ‘हे येथे का आहे?’ चित्र कोणत्या साधनाने काढले हे विचारण्याची गरज नाही. ज्यांना उत्तर देता येईल त्यांचे ते पोस्टर. हा नियम आम्ही त्या दिवशी पाळला असता, तर लोलकाजवळच अडखळलो असतो.

बक्षीस परत घ्यावे असे आम्ही सुचवले नाही, कारण ती मुले आमच्याच डोळ्यांना भुलवणाऱ्या गोष्टीला भुलली होती. संयोजकांना आम्ही पत्र लिहून आमची चूक कळवली. त्या मुलीचे पोस्टर आता तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लावले आहे, असे तिच्या सरांनी कळवले. आपल्या शाळेत यंत्राने काढलेली पोस्टरे आली असतील, तर त्यांतल्या लाल पेन्सिलीच्या खुणा वाचकशिक्षकांनी आम्हाला अवश्य कळवाव्यात.